एप्रन आणि लेग बदलताना: बडोद्याच्या गॅरेजात नव्याने हात घालणाऱ्यांसाठी

पुढून ठोकलेली गाडी दारात आली की नव्या मुलाचा हात आधी ग्राइंडरकडे जातो. माझाही जायचा. चेपलेला पत्रा डोळ्यांना खुपत असतो, तो कापून बाजूला टाकला की काम सुरू झाल्यासारखं वाटतं. पण या कामात कापणं अर्ध्या वाटेवर येतं. त्याआधी मोजायचं असतं, खेचायचं असतं, पुन्हा मोजायचं असतं. मी हे काम मकरपुऱ्याच्या बाजूला एका बॉडीशॉपमध्ये शिकलो. आता तरसाळीच्या आयटीआयमधून शिकून आलेली मुलं आमच्याकडे येतात. पहिल्या महिन्यात त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितो आहे.

आधी नावं पक्की करा. बोनेट उघडून पाहिलं की इंजिनाच्या दोन्ही बाजूंना खालून पुढे आलेल्या दोन पोकळ पेट्या दिसतात. कंपनीच्या पुस्तकात त्यांना फ्रंट साइड मेंबर म्हणतात, गॅरेजमध्ये सगळे लेग म्हणतात. लेगच्या वर, चाकाच्या आतल्या बाजूने उभा असलेला पत्रा म्हणजे एप्रन. शॉकअप जिथे वर बोल्टने बसतो तो टॉवर याच एप्रनमध्ये असतो. दोन्ही लेगच्या तोंडावर आडवी चौकट असते, तिच्यावर रेडिएटर, हेडलाइट आणि बोनेटचं लॉक बसतं. ती रेडिएटर सपोर्ट. काही गाड्यांत ती बोल्टची असते, काहींत वेल्डिंगची. तिच्याही पुढे, बंपरच्या आत, बीम आणि क्रॅश बॉक्स. फेंडर, बोनेट, बंपर ही बोल्टने निघणारी कातडी. लेग आणि एप्रन ही हाडं.

हा लेख मोनोकॉक गाड्यांसाठी आहे, म्हणजे ज्यांची बॉडी हीच चॅसिस असते. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडान तशाच. बोलेरोसारख्या गाडीला खाली स्वतंत्र चॅसिस असते, तिचं गणित वेगळं आहे.

लेग मोडण्यासाठीच केलेला असतो

हे डोक्यात बसल्याशिवाय वेल्डिंगची गन हातात घेऊ नका. लेगच्या पुढच्या भागात आडव्या खाचा, घड्या, कधी भोकं दिसतात. नव्या मुलाला वाटतं, इथे पत्रा कमकुवत राहिला आहे. तो कमकुवत ठेवलेला असतो. धडकेच्या वेळी लेगने त्या खाचांवर एकामागून एक घडी घालत आखडायचं असतं. त्या घड्यांमध्ये धडकेचा जोर खर्ची पडतो आणि माणसं बसतात तो भाग शाबूत राहतो. बेला बरेनी या अभियंत्याने ही कल्पना 1951 मध्ये पेटंटसाठी मांडली आणि 1959 च्या मर्सिडीजमध्ये ती प्रत्यक्ष आली. आपल्याकडे ऑक्टोबर 2019 पासून विकायच्या सगळ्याच नव्या मोटारींना ताशी 56 किलोमीटर वेगाने, पुढची एकच बाजू आदळवून केलेल्या चाचणीत उतरणं सक्तीचं झालं. म्हणजे एका लेगच्या भरवशावर किती काही अवलंबून असतं ते बघा.

म्हणून या कामात चूक दोन्ही बाजूंना होते. वेल्ड कच्चा राहिला तर लेग लवकर सुटतो. आणि कुणी प्रेमाने आतून जाड पट्टी मारून "आता कधी वाकणार नाही" असं केलं, तर पुढच्या धडकेत लेग आखडतच नाही. जोर सरळ मागे जातो, केबिनमध्ये. एअरबॅग कधी फुगायची हेसुद्धा गाडी पुढून किती झपाट्याने थांबते यावर ठरतं, तेही बिघडतं. ग्राहक कौतुकाने म्हणेल, भाऊ, जरा मजबूत करून दे. त्याला नीट समजावून सांगा, पण पट्टी मारू नका. याबाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

मार कुठून आला ते आधी वाचा

गाडी उचलण्याआधी ग्राहकाला विचारा, कशाला धडकली. उत्तरावरून अर्धं निदान होतं.

हायवेवर पुढच्या ट्रकच्या मागे घुसलेली गाडी वरच्या भागात मार खाते. ट्रकचं मागचं टोक लेगच्या उंचीच्या वरून आत येतं, त्यामुळे बोनेट, रेडिएटर सपोर्ट, एप्रनची वरची कडा चुरगळते आणि लेग वरवर सरळ दिसतो. इथे टॉवर मागे सरकला आहे का ते बघायचं. डिव्हायडरवर चढलेल्या गाडीत उलट होतं. कातडी फारशी बिघडत नाही, पण एक लेग खालून वर किंवा आत वळलेला असतो आणि सबफ्रेम, म्हणजे इंजिन आणि सस्पेन्शन धरणारी खालची चौकट, सुद्धा हललेली असू शकते. हालोल रोडला किंवा पादऱ्याकडे रात्री नीलगाय आडवी येते, त्या धडकेत जनावराचं धड उंचावर असल्यामुळे बोनेट आणि काचेपर्यंत नुकसान जातं आणि लेग पुष्कळदा वाचतो. पुष्कळदा म्हणतो आहे, मापल्याशिवाय नेहमी म्हणत नाही.

मग खुणा शोधा. दरवाजा आणि फेंडरमधली फट वरच्या बाजूला कमी झाली आहे का? टॉवरजवळचं सीलंट चिरलं आहे का? रंगाला केसासारख्या भेगा आहेत का? पुढच्या दरवाजाच्या खांबापाशी छताला लाट आली आहे का? मार तिथवर पोचला असेल तर फक्त पुढचा तुकडा बदलून भागणार नाही.

बडोद्यात आणखी एक गोष्ट बघावी लागते. 2019 च्या जुलैअखेरीस आणि पुन्हा 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं, तेव्हा खूप गाड्या पाण्यात उभ्या होत्या. सीट, कार्पेट, वायरिंग यांची साफसफाई झाली, पण लेगच्या पोकळीत गेलेला गाळ कुणी काढला नाही. तो आत ओल धरून बसतो आणि पत्रा आतून खातो. बाहेरून रंग छान असतो. म्हणून लेगच्या तळाच्या भोकातून बारीक कॅमेरा घाला, कॅमेरा नसेल तर वाकवलेली तार फिरवून गाळ निघतो का बघा, आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून आवाज ऐका. जिथे जोड घ्यायचा तिथे पत्रा पूर्ण जाडीचा नसेल तर तिथे जोड घेताच येत नाही, मागे जावं लागतं.

सरळ करायचा की बदलायचा

आमच्या धंद्यातला जुना नियम असा: वाकला असेल तर सरळ करा, घडी पडली असेल तर बदला. वाक म्हणजे लांबवर पसरलेलं वळण, ते थंडपणे खेचून सरळ होतं आणि पत्रा पुन्हा पहिल्यासारखा राहतो. घडी म्हणजे थोडक्या जागेत पडलेली तीक्ष्ण मोड. ती खेचून सपाट दिसेल, पण तिथलं पोलाद ताणून ताणून थकलेलं असतं, बारीक चीर पडते.

गॅस पेटवून लाल करून ठोकणं विसरून जा. साध्या पत्र्याची ताकद 270 मेगापास्कलच्या आसपास असते, तेव्हा जुन्या मिस्त्रींचं ते निभावून गेलं. आता लेगमध्ये 590 आणि त्यावरचे पत्रे असतात, आणि खांबांसारख्या जागी गरम साच्यात दाबून केलेलं बोरॉनचं पोलाद 1500 मेगापास्कलपर्यंत जातं. अशा पोलादाची ताकद कारखान्यातल्या उष्णतेच्या हिशोबाने आलेली असते. आपण टॉर्च लावली की ती जाते, आणि गेली हे डोळ्यांना दिसत नाही. कुठे कोणतं पोलाद आहे ते कंपनीच्या बॉडी रिपेअर मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. मॅन्युअल नसेल तर त्या गाडीचा लेग कापायला घेऊ नका.

सोडवणं

विम्याचं काम असेल तर सर्वेयर येऊन जाईपर्यंत एकही बोल्ट काढायचा नाही. नंबरप्लेटसह फोटो काढून ठेवा. सगळं उघडल्यावर आतलं नुकसान दिसतं, तेव्हा त्याला पुन्हा बोलवायचं. मध्येच कापलेल्या लेगचे पैसे मागायला जाल तर वाद होतो.

मग बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि थांबा. एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये थोडा वेळ वीज साठलेली राहते. किती वेळ थांबायचं ते प्रत्येक कंपनीच्या पुस्तकात आहे, ते मिनिटं मोजून पाळा. एसीचा गॅस मशीनने ओढून घ्या, हवेत सोडू नका. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल आणि नारिंगी केबल दिसली, तर त्याचं प्रशिक्षण घेतलेला माणूस येईपर्यंत हात बाजूला.

सीएनजीबद्दल सविस्तर सांगतो, कारण आपल्या शहरात निम्म्या वेळा समोर सीएनजीचीच गाडी उभी असते. डिकीतल्या सिलिंडरमध्ये भरताना 200 बारपर्यंत दाब असतो. तिथून पोलादी नळी गाडीच्या पोटाखालून पुढे येते, आणि बाहेरून बसवलेल्या किटमध्ये रेड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) व गॅस भरण्याचा व्हॉल्व्ह बहुतेक वेळा एप्रनवरच बसवलेला असतो. म्हणजे जिथे ठिणग्या उडणार तिथेच. बॅटरी काढण्याआधीच सिलिंडरचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करा, इंजिन चालत असेल तर नळीतला गॅस संपेपर्यंत चालवा. चालत नसेल तर सीएनजीवाल्या फिटरला बोलवून लाइन रिकामी करून घ्या. स्वतः नट सैल करून बघू नका. वेल्डिंगच्या वाटेत येणारी नळी पूर्ण काढून ठेवा, ओलं फडकं गुंडाळून भागवू नका. परत बसवल्यावर गळतीची तपासणी त्याच फिटरकडून करून घ्या.

बाकी रेडिएटर, कंडेन्सर, हेडलाइट, वायरिंग, लागेल तर सबफ्रेम आणि इंजिन. प्रत्येक बोल्ट पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी. वायरिंगचे अर्थिंगचे बोल्ट कुठे होते त्याचा फोटो.

मोजणं आणि खेचणं

गाडी बेंचवर, म्हणजे धरून मोजायच्या-खेचायच्या चौकटीवर, घेऊन दरवाजाखालच्या सिलच्या खालच्या कडेला चारही क्लॅम्प घट्ट करा. आता मधल्या, मार न लागलेल्या भागातले किमान तीन संदर्भबिंदू पकडा आणि ते आपसात बरोबर आहेत ना हे आधी तपासा. संदर्भच हललेला असेल तर पुढची सगळी मापं खोटी. मग लांबी, रुंदी आणि उंची ही तिन्ही मापं घ्या. ट्रॅम गेजने (दोन टोकांच्या मापाच्या दांड्याने) तिरकी मापं घेताना उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे, दोन्ही कर्ण. साधारणपणे 3 मिलिमीटरच्या वर फरक चालत नाही, काही बिंदूंना कंपनी त्याहून कमी देते. आकडे कागदावर लिहा, तारीख टाका. डोक्यात ठेवलेलं माप जेवणाच्या सुट्टीनंतर बदलतं.

आता खेचणं, आणि इथे नवी मुलं गोंधळतात. लेग बदलायचाच आहे तर खेचायचा कशाला? कारण मार फक्त लेगवर थांबलेला नसतो. त्याने टॉवर, फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली भिंत), समोरची दुसरी बाजू ओढून नेलेली असते. ते सगळं परत आणायला पकड हवी, आणि सगळ्यात चांगली पकड म्हणजे तो खराब लेगच. तो आधीच कापला तर धरायला काही उरत नाही. मार ज्या क्रमाने लागला त्याच्या उलट क्रमाने, उलट दिशेने खेचा. थोडं खेचा, सैल करा, मोजा. पत्रा स्प्रिंगसारखा थोडा मागे जातो, म्हणून सैल केल्याशिवाय घेतलेलं माप धरू नका. साखळीच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, आणि साखळीवर जाड गोधडी टाका. क्लॅम्प निसटला तर साखळी गोळीसारखी येते.

टॉवर आणि फायरवॉल मापात आले, दोन्ही कर्ण जुळले, की मग ग्राइंडर.

जुना काढणं, नवा आणणं

शक्य असेल तिथे कारखान्यातल्या जोडापाशीच पूर्ण भाग बदला. मध्येच कापून जोडणं फक्त मॅन्युअलने दाखवलेल्या रेषेवर. आखडण्याच्या खाचांमध्ये, इंजिन माउंट किंवा सस्पेन्शनच्या बोल्टजवळ, आतल्या दुहेरी पत्र्याच्या टोकाशी जोड कधीच घ्यायचा नाही.

सुटा भाग कंपनीचा नवा घ्या. भंगारातून आणलेला नोजकट, म्हणजे दुसऱ्या गाडीचा कापून आणलेला पुढचा भाग, स्वस्त पडतो, आणि फिरून मोह होतो. पण ती गाडी भंगारात का गेली ते तुम्हाला ठाऊक नसतं. मागून ठोकलेल्या गाडीचा पुढचा भागही हललेला असू शकतो, आणि पुराच्या गाडीचा तर आतून खाल्लेला.

पहिला काप ढोबळ, खऱ्या रेषेपासून 25 ते 30 मिलिमीटर सोडून. राहिलेल्या पट्टीवरचा रंग वायर ब्रशने काढा, कारखान्यातले स्पॉट वेल्ड गोल खळग्यांसारखे दिसू लागतात. ते मोजा, फोटो घ्या, कारण नव्या भागाला तितकेच आणि त्याच जागी लागणार आहेत. प्रत्येकाच्या मध्यावर पंच मारून 8 मिलिमीटरच्या स्पॉट कटरने फक्त वरचा पत्रा कापा. खालच्या पत्र्याला भोक पडलं तर ते तुमच्या पुढच्या वेल्डचंच नुकसान. मग पातळ छिन्नी घालून हलक्या हाताने पट्टी सोडवा.

जुळवणं

उघड्या कडा साफ करा, वाकलेली कडा डॉलीवर (हातात धरायच्या लोखंडी ठोकळ्यावर) सपाट करा, आणि एकमेकांना चिकटणाऱ्या दोन्ही बाजूंवर जस्ताचा वेल्ड-थ्रू प्रायमर मारा. जिथे मिगचा (तार आणि गॅसच्या वेल्डिंगचा) वेल्ड थेट पडणार तेवढ्या ठिपक्यातून तो परत खरवडा, नाहीतर वेल्डला छिद्रं पडतात.

नवा भाग वाइसग्रिपने धरा. मोजा. मग फेंडर, बोनेट, हेडलाइट, बंपर तात्पुरते लावा आणि फटी बघा. हे पाऊल टाळायचा मोह फार होतो. सुरुवातीच्या वर्षांत एका हॅचबॅकचा लेग मी मापावर बसवला आणि घाईत बोनेट न लावताच वेल्ड केला. रेडिएटर सपोर्टचा वरचा कोपरा 6 मिलिमीटर खाली गेला होता. बोनेटचं लॉक बसेना, आणि दोन दिवसांचं वेल्डिंग मला ड्रिलने एकेक करून सोडवावं लागलं. तेव्हापासून जुळवणीत सगळी कातडी लावल्याशिवाय मी टाका (छोटा तात्पुरता वेल्ड) मारत नाही. सगळं पटलं की चार टाके, पुन्हा माप.

वेल्डिंग

स्पॉट वेल्डिंगची चांगली मशीन असेल आणि तिची चिमट्याची बाजू पोचत असेल तर तीच वापरा. नाहीतर मिग, 0.8 ची तार, आरगॉनमध्ये 20 ते 25 टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेला गॅस. ऑक्सि-ॲसिटिलीन नाही. अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या जवळ, स्वच्छ पत्र्यावर.

गाडीवर गन नेण्याआधी तेवढ्याच जाडीच्या दोन तुकड्यांवर नमुना करा आणि वाइसमध्ये धरून फाडा. चांगल्या वेल्डमध्ये वेल्ड जागेवर राहतो आणि दुसऱ्या पत्र्यात भोक पडतं. वेल्डच सुटून आला तर करंट कमी आहे. हे रोज सकाळी करा, कारण दुपारी आजूबाजूच्या मशिनी चालू झाल्या की विजेच्या लाइनचा दाब बदलतो.

भोक भरून वेल्ड करताना नव्या पत्र्याला 8 मिलिमीटरचं भोक, जाड पत्र्याला 10 चं. तार आधी खालच्या पत्र्यावर, कडेपासून गोल फिरत मध्याकडे. वरच्या पत्र्याची कडाच वितळली आणि खालचा कोरडा राहिला, तर दिसायला सुरेख आणि ताकदीला शून्य असा वेल्ड होतो. पोकळ पेटीचा काप जोडताना मॅन्युअलने आतला पट्टा सांगितला असेल तेव्हाच आणि तेवढाच घाला. आतला आणि बाहेरचा पत्रा यांचे जोड एका रेषेत घेऊ नका, मागेपुढे ठेवा. एका दमात लांब वेल्ड ओढू नका. इथे थोडा, तिथे थोडा, आणि मध्ये हवेने थंड होऊ द्या. पाणी मारू नका.

एक माणूस अग्निशामक घेऊन केबिनमध्ये बसलेला हवा. फायरवॉलच्या मागचं फोम आणि लेगमधलं जुनं मेण बाहेरून न दिसता धुमसतं. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडीताप भरतो, म्हणून मास्क आणि पंखा दोन्ही.

गंज आणि परत जोडणी

वेल्ड घासताना शेजारचा पत्रा पातळ करू नका. मग इपॉक्सी प्रायमर, कंपनीने जिथे होतं तिथे सीलंट, रंग. रंग भट्टीतून निघाल्यावर, त्याआधी नाही, लेगच्या पोकळीत लांब नळीच्या गनने मेण फवारा, दोन्ही बाजूंच्या भोकांतून, जोडाच्या जागी भरपूर. पाणी निचऱ्याची भोकं उघडी आहेत ना ते तारेने बघा. या शहरात हे काम सोडलं तर दुसऱ्या पावसाळ्यात गाडी परत येते.

परत जोडताना अर्थिंगच्या जागा घासून स्वच्छ. पुढचा एअरबॅग सेन्सर कंपनीने दिलेल्या टॉर्कवर, बाण पुढे. बोनेटचं लॉक दोन टप्प्यांचं असतं, दुसरा खटका स्वतंत्रपणे पकडतो ना ते हाताने ओढून तपासा. पुढे रडार असेल तर कॅलिब्रेशन. हेडलाइटचा झोत भिंतीवर. शेवटी चाकांची अलाइनमेंट, आणि त्यात दोन्ही बाजूंच्या कास्टरमधला (स्टिअरिंगच्या अक्षाच्या पुढे-मागे झुकावातला) फरक नीट वाचा. तो जुळत नसेल तर टाय-रॉड फिरवून काही होणार नाही, टॉवर किंवा सबफ्रेम अजून जागेवर नाही, गाडी परत बेंचवर.

जुळली तर कपुराईपासून हायवेवर एक फेरी मारा, स्टिअरिंग हलकं धरून, मग एक सावकाश आणि एक जरा जोरात ब्रेक. परत आल्यावर मापांचा तो कागद, कापण्याआधीचा आणि वेल्डिंगनंतरचा, फोटोंसह ग्राहकाच्या हातात द्या आणि एक प्रत फाइलला लावा.